रद्दीत गेलेली कथा

२०२४ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. तुळशीची लग्ने नुकतीच आटोपली होती, शिवारात भाताची कापणी चालू होती. शाळा सुटल्यावर अर्धा तास वाचनालयात डोकावून मग घरी जायचे, हा माझा जुना परिपाठ. त्या दिवशी गेलो तर देवघेवीच्या टेबलासमोर साठी ओलांडलेल्या एक बाई बसल्या होत्या. बडोद्याहून आल्या होत्या. मूळच्या आमच्याच गावच्या. वडिलांची बदली झाली तेव्हा बारा वर्षांच्या असतील. त्यानंतर गावाशी संबंध उरला तो लग्नपत्रिकांपुरता.

"माझी आई गेल्या वर्षी गेली," त्या म्हणाल्या. "ती सांगायची, इथल्या दिवाळी अंकात तिची एक कथा छापून आली होती. चौऱ्याहत्तर साली. घर आवरताना सगळं पालथं घातलं, अंक सापडला नाही. नातवानं नेटवर शोधलं, तिथंही नाही. म्हटलं, अंक इथलाच होता, तेव्हा इथं असणारच."

आमच्या ग्रंथपालबाईंनी कपाटाकडे पाहिले नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले. कारण तो अंक आमच्याकडे होता. आमच्या तालुक्यातून १९६८ ते १९८३ पर्यंत निघालेल्या त्या दिवाळी अंकाची सगळी वर्षे आमच्याकडे होती. पुठ्ठ्याची बांधणी केलेली, पाठीवर साल घातलेली, एका ओळीत उभी. २०१५ साली ती रद्दीत काढण्याचा ठराव ज्या बैठकीत झाला, तिचा अध्यक्ष मी होतो. ठरावाखाली सही माझी आहे.

मराठी घेऊन एम. ए. झालेला, तीस वर्षे मुलांना मराठी शिकविणारा आणि त्या भाषेची काळजी व्यासपीठावरून वाहणारा माणूस मी. माझ्या हातून हे व्हावे, हे लिहिताना लाज वाटते. तरी लिहितो आहे, कारण ज्या एका वाक्याच्या भरवशावर मी ती सही केली, ते वाक्य आज गावोगावच्या वाचनालयांच्या बैठकांत ऐकू येते. ते वाक्य असे : "आता काय, सगळं नेटवर मिळतं."

*

आमचे वाचनालय मोठे नाही. खानापूर तालुक्यातले गाव. पाऊस असा की चार महिने भिंतींची ओल जात नाही. पुस्तके जेमतेम पाच हजार. मी दहा वर्षांचा असताना, १९७९ साली, वडिलांनी मला तिथे नेले आणि बालविभागाची वर्गणी भरली. टेबलामागे तात्या बसलेले असत. सारा गाव त्यांना तात्याच म्हणे. पोस्टातून निवृत्त झाले होते. पुस्तकावर तारखेचा शिक्का मारताना पोस्टातला जोर कायम होता. खिडकीबाहेर उभे राहिले तरी शिक्क्याच्या आवाजावरून किती गर्दी आहे ते कळे.

तात्यांपाशी दोन साधने होती : एक दाखल रजिस्टर आणि दुसरी त्यांची स्मरणशक्ती. "ते मुंबईच्या चाळीतल्या माणसांचं, पिवळ्या पुठ्ठ्याचं" एवढ्या खुणेवर ते पुस्तक काढून देत. माझ्या हातातले जाड पुस्तक काढून घेऊन एकदा म्हणाले, "हे अजून झेपायचं नाही तुला. हे दुसरं ने, आणि ते दहावी झाल्यावर माग." दहावी झाल्यावर मी विसरलो होतो. ते विसरले नव्हते.

कोणत्या घरी कोणते पुस्तक जाते हे त्यांना पाठ असे, पण ते ओठांबाहेर येत नसे. आपली मुलगी काय वाचते, असे एका बापाने विचारले तेव्हा तात्या म्हणाले, "वाचते, एवढं पुरे की." आज आपण मोबाइलवर एक पुस्तक शोधले की दुसऱ्या मिनिटाला त्याच्या सारख्या दहा वस्तूंच्या जाहिराती पुढे येतात. तेव्हा मला तात्यांचे ते "एवढं पुरे की" आठवते.

पुढे वाचनाच्या ओघात डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांचे नाव भेटले. मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेही फारसे मनातून नव्हे. पण इंग्लंडात जाऊन तिथली ग्रंथालये पाहून आले आणि मग या कामात असे रमले की १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांचे सार माझ्या शब्दांत सांगतो : पुस्तक कुलपात ठेवण्यासाठी नसून वापरण्यासाठी असते, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ जाता कामा नये, आणि ग्रंथालय सजीवासारखे वाढते, बदलते राहिले पाहिजे. ही सूत्रे वाचली तेव्हा वाटले, अरे, हे तर आपले तात्या! त्यांनी रंगनाथन वाचले नसतील, पण टेबलामागे बसून ते हेच करीत होते.

*

तात्या १९९४ साली गेले. त्यानंतर रजिस्टर होते, पण त्यातून पुस्तक काढणारी स्मरणशक्ती गेली. मग यंत्राने ती उणीव भरून काढावी असे आम्हाला वाटू लागले. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले १५ ऑगस्ट १९९५ ला. आमच्या वाचनालयात संगणक आला तो २००६ साली, एका हितचिंतकाने दिलेला. आम्ही हार घालून, नारळ फोडून त्याचे स्वागत केले. एका तरुणाला मानधन देऊन तीन हजार पुस्तकांची यादी त्यावर टाइप करून घेतली. वाटले, झाले काम.

पाच वर्षांनी तो संगणक बंद पडला. यादी नव्या संगणकावर उघडली, तेव्हा पडद्यावर मराठीचे एक अक्षर नव्हते. इंग्रजी अक्षरे, आकडे, टिंबे आणि उद्गारचिन्हे यांची नुसती खिचडी. ती यादी एका जुन्या फाँटात होती. त्या काळचे मराठी फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांना घातलेले मराठी मुखवटे. मुखवटा त्या संगणकाबरोबर गेला, मागे खिचडी उरली. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो आणि तो जगातल्या सर्व संगणकांना ठाऊक असतो. ही व्यवस्था १९९१ पासून होती. आम्हालाच ठाऊक नव्हती. ज्या वाचनालयांच्या याद्या अजून जुन्या फाँटात पडून आहेत, त्यांनी संगणक चालू आहे तोवर त्या युनिकोडमध्ये आणून घ्याव्यात. हा सल्ला अनुभवाचा आहे.

त्या खिचडीने आम्ही खचलो. वर्गणीदार कमी होत होते. मुले इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात जाऊ लागली होती. मागच्या खोलीत वाळवी लागली. २०१५ च्या बैठकीत कोणी म्हणाले, जुने अंक काढून टाकू, जागा होईल, स्पर्धा परीक्षांची पुस्तके ठेवू. मी म्हणालो, बरोबर आहे. एवढेच म्हणून थांबलो असतो तरी चालले असते, पण मास्तराला दाखला दिल्याशिवाय राहवत नाही. मी म्हणालो, "विश्वकोशासारखा ग्रंथ आता नेटवर फुकट वाचायला मिळतो. मोल्सवर्थचा कोश मिळतो. जुन्या अंकांचं काय घेऊन बसलाय!"

दाखला खरा होता. वाईला जन्मलेला मराठी विश्वकोश खरोखर घरबसल्या उघडतो. मोल्सवर्थचा शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाने महाजालावर ठेवला आहे. चूक होती ती माझ्या हिशेबात. ज्या ग्रंथाच्या हजारो प्रती निघाल्या, जो शेकडो ग्रंथालयांत आहे, तो कोणीतरी जाळ्यावर चढवीलच. पण ज्याच्या पाचशे प्रती निघाल्या आणि त्या खानापूर ते लोंढा या टापूतच संपल्या, तो अंक शिकागोत कोण चढविणार? जे सगळीकडे आहे ते नेटवर येते. जे फक्त आपल्याकडे आहे, ते आपण चढविले तरच येते. एवढी साधी गोष्ट मला तेव्हा सुचली नाही.

*

हे सारे मी त्या बाईंना सांगितले नाही. "ते अंक आता आमच्याकडे नाहीत," एवढेच म्हणालो. त्यांनी कारण विचारले नाही. त्यामुळे जास्तच ओशाळलो. मी त्यांना बसथांब्यापर्यंत सोडायला गेलो. वाटेत बडोद्याच्या सेंट्रल लायब्ररीविषयी बोलत होत्या. लग्नापासून तिथल्या सभासद आहेत. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून घेतले आणि संस्थानभर मोफत वाचनालयांचे जाळे विणले, हे मी पुस्तकात वाचले होते. त्यांनी सांगितले ते फिरत्या पेट्यांविषयी. शहरातून निवडक पुस्तकांची पेटी भरून खेड्यात जाई, गाव ती वाचून काढी, मग पेटी परत येऊन दुसरी जाई. वाहतुकीचा खर्च संस्थान सोशी.

"आता प्रत्येकाच्या खिशात तशी पेटी आली आहे," मी म्हणालो.

"आली की," त्या म्हणाल्या, "पण ती भरतं कोण?"

त्या गाडीत बसल्या. मी उलट्या पावली वाचनालयात आलो. ग्रंथपालबाई कुलूप लावीत होत्या. "हेडसर," त्या म्हणाल्या, "तात्यांच्या दोन वह्या आहेत बघा वरच्या कप्प्यात. कसल्या आहेत ते कुणी बघितलं नाही. बघूया काय?"

शंभर पानी दोन वह्या होत्या, डांबराच्या गोळ्यांच्या वासाच्या. त्यांत तात्यांनी त्या सोळा वर्षांच्या अंकांची सूची केली होती. लेखकाच्या आडनावाप्रमाणे : लेखन कोणते, कथा की कविता, साल, पृष्ठ. बडोद्याच्या बाईंच्या आईचे नाव सापडले. १९७४, कथा, पृष्ठ ६३. म्हणजे त्या आईने सांगितले ते खरे होते. अंक गेला होता, पण तो होता याची साक्ष तात्यांनी ठेवली होती.

दुसऱ्या वहीच्या शेवटच्या पानांवर टोपणनावांची यादी होती. त्या काळी आमच्याकडच्या पुष्कळ स्त्रिया आपल्या नावाने लिहीत नसत. 'एक भगिनी', 'एक वाचक' अशा सह्या असत. संपादकांकडून किंवा गावगप्पांतून तात्यांनी प्रत्येकीचे खरे नाव मिळवून पेन्सिलीने कंसात टाकले होते. त्यात एक ओळ होती : 'एक गृहिणी', लेख, १९७१, पृष्ठ २८. आणि कंसात त्याच आईचे नाव.

म्हणजे तिने दोनदा लिहिले होते. मुलीला एकच ठाऊक होते. पुढे कधी कोणी ते अंक चढविले असते आणि नातवाने आजीच्या नावाने जगभर शोध घेतला असता, तरी हा लेख त्याला सापडला नसता. तो ज्या नावाने छापला गेला, ते आजीचे नावच नव्हते. ही माहिती जगात एकाच ठिकाणी होती : तात्यांच्या पेन्सिलीत.

*

त्या डिसेंबरात आम्ही कामाला लागलो. शनिवारची सकाळची शाळा सुटली की नववीची दहा-बारा मुले वाचनालयात येत. आधी तात्यांच्या वह्या, मग दाखल रजिस्टर, असे करत सगळे युनिकोडमध्ये टाइप करायचे. यादी ज्या प्रणालीत बसविली तिचे नाव 'कोहा'. न्यूझीलंडमधल्या एका लहान वाचनालयासाठी ती तयार झाली. १९९९ साल संपत आले होते आणि त्यांची जुनी प्रणाली २००० ची तारीख ओळखणार नव्हती, म्हणून त्यांनी नवी करून घेतली आणि जगाला मोफत देऊन टाकली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. बेंगळुरूला नोकरी करणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने ती बसवून दिली. परत आलेल्या पुस्तकाच्या नोंदीपासून वाचकाचे नाव तोडून टाकण्याची सोय तिच्यात आहे. ती मी पहिल्या दिवशी चालू करून घेतली. तात्यांना बरे वाटले असते.

टाइप करणे सोपे होते. सापडणे अवघड होते. रजिस्टरात हरिभाऊ आपट्यांची कादंबरी 'पण लक्षांत कोण घेतो' अशी, 'लक्षांत'वर अनुस्वार देऊन लिहिलेली. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी असले अनुच्चारित अनुस्वार गेले. आजचा मुलगा 'लक्षात' असे शोधतो आणि यंत्र म्हणते, असे पुस्तक नाही. कपाटात पुस्तक आहे, आणि मध्ये आड येते ते एक टिंब. तीच कथा 'दुसऱ्या', 'सुऱ्या' यांतल्या अर्ध्या र ची. दिसायला एकच, पण संगणकात ते दोन तऱ्हांनी साठविता येते. मुलांनी दोन्ही तऱ्हा वापरल्या आणि निम्मी नावे हरवली. मग जुन्या कार्डांच्या काळात ग्रंथपाल 'अमुक पाहा' अशी जोडकार्डे घालीत, तसे आम्ही प्रत्येक अडचणीच्या नावाला दुसरे रूप जोडत गेलो.

एक युक्ती मात्र आम्हा मोठ्यांपैकी कोणालाच सुचली नाही. नववीतली एक मुलगी म्हणाली, "सर, आजीला पुस्तकाचं नाव मराठीत ठाऊक आहे, पण मोबाइलवर आम्ही इंग्रजी अक्षरांतच मराठी लिहितो. माझा मामेभाऊ कन्नड शाळेत आहे, तो कन्नड अक्षरांत लिहितो. त्यांनी शोधलं तर?"

तिचे म्हणणे आमच्या भागाचे सारे दुखणे सांगून गेले. कन्नड माध्यमातली आमची मुले घरी मराठी बोलतात. तिसरी भाषा हिंदी असल्यामुळे देवनागरी वाचतात, पण 'ळ'पाशी अडखळतात. तो उच्चार कन्नडमुळे तोंडात असतो, अक्षर मात्र हिंदीच्या पुस्तकात भेटलेले नसते. अशा मुलाला मराठी येत नाही असे म्हणून आपण मोकळे होतो. खरे तर त्याला मराठी येते. दाराची कडी तेवढी त्याच्या उंचीची नसते. आम्ही प्रत्येक नाव देवनागरीबरोबर कन्नड आणि रोमन लिपीतही घातले. त्या कामाला तीन महिने जास्त लागले. सरकारी खर्चाने आपल्याकडे लाखो पुस्तके छायाचित्रित झाली आहेत, पण त्यांतल्या मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत तऱ्हेतऱ्हेने चुकून पडल्यामुळे कित्येक कोणाच्या हाती लागत नाहीत. पुस्तक चढविणे हे अर्धे काम आहे. उरलेले अर्धे तात्यांचे आहे.

एक शंका हटकून विचारली जाते : जुने अंक सरळ चढविता येतील का? सरसकट नाही. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क राहतो, आणि अंकातल्या प्रत्येक लेखाचा हक्क वेगळा असू शकतो. मात्र २०१२ च्या दुरुस्तीने एक दार उघडले आहे : नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडे असलेल्या छापील प्रतीची जतनासाठी संगणकीय प्रत करून ठेवता येते. जगापुढे मांडायची तर लेखकाची किंवा त्याच्या वारसांची संमती घ्यावी. आमच्यासारख्या गावात ते अवघड नाही. वारस बहुधा बाजारात भेटतात. सूचीला मात्र कोणाची आडकाठी नाही. कोणी काय लिहिले आणि ते कोणत्या पानावर आहे, हे सांगायला परवानगी लागत नाही. म्हणून ज्या वाचनालयापाशी पैसा नाही, माणसे नाहीत, त्याने सूचीपासून सुरुवात करावी.

*

२०२५ च्या मे महिन्यात आमची सूची जाळ्यावर गेली. जुलैत, धो धो पावसात, ग्रंथपालबाईंचा फोन आला. "सर, या बघू जरा लवकर."

हुबळीत स्थायिक झालेल्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांचे पत्र आले होते. उमेदवारीत लोंढ्याला होते. सुनेने मोबाइलवर सहज त्यांचे नाव घातले, तर १९७३ च्या अंकातली त्यांची कविता आमच्या सूचीत निघाली. त्यांनी लिहिले होते : 'माझ्या कवितेची कोणी नोंद ठेवली असेल असे वाटले नव्हते. माझ्याकडे त्या अंकाची दोन वर्षे आहेत, १९७१ आणि १९७३. हवी असल्यास पाठवितो.'

त्यांनी अंक रजिस्टर टपालाने पाठविले. तात्यांना तेच पसंत पडले असते. १९७१ चा अंक उघडून मी पृष्ठ २८ काढले. 'एक गृहिणी'चा तो लेख दोनच पानांचा आहे. रात्री सगळ्यांची जेवणे उरकल्यावर चुलीच्या उजेडात वाचनालयातले पुस्तक वाचणाऱ्या बाईचा. त्या काळी आमच्या वाचनालयात बायका येत नसत. ती आपल्या आठ वर्षांच्या मुलीला पिशवी देऊन पाठवी; पुस्तकाचे नाव लिहिलेली चिठ्ठी पिशवीत. चिठ्ठीतले पुस्तक नसले की वाचनालयातले गृहस्थ आपल्या मनाने दुसरे देत, आणि ते बहुतेक वेळा मागितलेल्यापेक्षा चांगले निघे, असे तिने लिहिले आहे.

मी दोन्ही पानांची छायाचित्रे बडोद्याला पाठविली. सोबत, चुकवीत आलो होतो ते पत्रही लिहिले : अंक का नाहीत, सही कोणाची होती, सगळे. संध्याकाळी त्यांचा फोन आला. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ती पिशवी निळी होती. मला वाटायचं, मी किराणा आणायला जाते." थोड्या वेळाने म्हणाल्या, "सर, सहीचं राहू द्या. तुम्ही सूची केलीत." हे त्यांचे औदार्य. माझा हिशेब त्याने मिटत नाही.

*

आता आमच्या वाचनालयात दर शनिवारी मोबाइल घेऊन या, असे आम्हीच सांगतो. मोतीबिंदूमुळे वाचन सोडलेल्या आजोबांना मुले अक्षर मोठे कसे करायचे ते दाखवितात. विश्वकोश कुठे उघडायचा, कोशात शब्द कसा शोधायचा, समोर आलेल्या दहा उत्तरांपैकी कोणत्यावर विसंबायचे, हे ग्रंथपालबाई सांगतात. पूर्वी पुस्तक दुर्मिळ होते म्हणून ग्रंथपाल लागे. आता उत्तरे उदंड झाली म्हणून लागतो. काम तेच आहे. वर्गणीदार फार वाढले असे मात्र नाही. सत्तरांचे शंभर झाले. पण सूचीत नाव शोधायला बाहेरगावचे लोक येतात. त्यांना बहुतेक वेळा आपल्या आजोबांचे नाव हवे असते, आणि आजोबांच्या नावामागून दोन पाने मराठी वाचली जातात.

१९७४ चा अंक अजून मिळालेला नाही. वास्तविक हा लेख त्यासाठीच लिहिला आहे. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, गोवा, जिथे जिथे आमच्याकडची माणसे नोकरीनिमित्त गेली, तिथे कोणाच्या तरी माळ्यावर, कोणाच्या तरी ट्रंकेत तो असेल. काहींना त्याचे मुखपृष्ठ हिरवे आठवते, काहींना निळे. दिवाळीची साफसफाई करताना जुना गठ्ठा हाती लागला, तर 'हे काय आता नेटवर मिळतं' असे म्हणून रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी एकदा तो सोडून पाहा. ज्या गावचा अंक असेल त्या गावच्या वाचनालयाला कळवा.

आमचा असला, तर पृष्ठ ६३ पाहा. तिथे एक कथा आहे. ती मी अजून वाचलेली नाही.